वाढ रोखणारं प्रथिन दिलं, तरी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी थांबत का नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही स्तनपेशींच्या तीन सेल लाइन्सना (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांना) टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन दिलंत, मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम या प्रमाणात. एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या पेशींची वाढ ४८ तासांत स्पष्ट मंदावली. एमसीएफ-७ वर जेमतेम परिणाम दिसला, आणि एमडीए-एमबी-२३१ वर काहीच नाही. मोजलंत एमटीटीने, म्हणजे रंगावरून पेशींचा अंदाज घेणाऱ्या चाचणीने. पुस्तकात हे प्रथिन 'ट्यूमर दाबणारं' म्हणून दिलेलं असतं, म्हणून तुम्हाला शंका आली की कुपीच खराब आली की काय. आणि कुपी चांगली असेल, तर जे प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर चालत नाही त्याचा औषध म्हणून उपयोग तरी काय.

कुपी बहुधा ठीक आहे. त्याच कुपीतलं प्रथिन एमसीएफ-१०एवर चाललं, म्हणजे तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल (प्रथिन चालतंय हे दाखवणारा नमुना) तुमच्याच प्लेटमध्ये आहे. डोसही पुरेसा आहे. हे प्रथिन साधारण २५ किलोडाल्टनचं, तेव्हा ५ नॅनोग्रॅम म्हणजे जवळपास २०० पिकोमोलर झाले, आणि रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाला) एवढं भरपूर होतं. 'कमी पडत असेल' म्हणून ५० नॅनोग्रॅमपर्यंत गेलात तर पैसे जातील, माहिती काही मिळणार नाही.

खरी अडचण प्रश्नाच्या मांडणीत आहे. वाढ रोखण्याचा गुण आपण प्रथिनाला चिकटवतो, पण प्रथिन फक्त निरोप देतं. त्या निरोपाचं पुढे काय होणार, हे पेशीत काय काय शाबूत उरलंय त्यावर ठरतं. याच टीजीएफ-बीटाकडे १९७०च्या दशकाच्या अखेरीस लक्ष गेलं ते अगदी उलट कारणाने: त्याच्यामुळे फायब्रोब्लास्ट (जोड-ऊतकातल्या पेशी) मऊ अगारमध्ये, म्हणजे निरोगी पेशी सहसा वाढत नाहीत अशा जेलीत, वसाहती करून वाढायला लागले होते. मग १९८४ मध्ये माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींतून वेगळं केलेलं वाढ रोखणारं एक प्रथिन याच्याशी जवळजवळ सारखंच निघालं. दोन्ही निरीक्षणं बरोबर होती, पेशी वेगळ्या होत्या. म्हणून 'हे प्रथिन कर्करोग रोखतं का' असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो: कोणत्या पेशीत, कोणत्या मीडियममध्ये, आणि रोखलं म्हणजे नेमकं काय मोजलंत?

आता निरोपाचा रस्ता बघू, कारण तुमच्या तीन वेगवेगळ्या निकालांचं उत्तर तिथेच आहे. टीजीएफ-बीटा पेशीच्या पृष्ठभागावरच्या टाइप-२ रिसेप्टरला चिकटतं. तो टाइप-१ रिसेप्टरला जोडीला घेतो आणि त्याला फॉस्फेट लावून जागं करतो. टाइप-१ पुढे स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, ते स्मॅड-४ बरोबर केंद्रकात जातात. इथपर्यंतचा प्रवास तासाभरात होतो. निरोगी एपिथेलियल (अस्तराच्या) पेशीत केंद्रकात गेल्यावर मुख्यतः दोन गोष्टी घडतात. सी-मिक या वाढीला रेटा देणाऱ्या जनुकाचं काम खाली येतं, आणि पी-१५ व पी-२१ ही पेशीचक्र अडवणारी प्रथिनं वाढतात. पी-१५ जाऊन सीडीके-४ आणि सीडीके-६ या पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या किनेज एन्झाइमांना धरतं. तिथे आधी बसलेलं पी-२७ हे आणखी एक अडवणारं प्रथिन त्यामुळे मोकळं होतं आणि सीडीके-२ वर जाऊन बसतं. या किनेज बंद पडल्या की आरबी प्रथिनाला पुरेसे फॉस्फेट लागत नाहीत, ते ई-२-एफ या विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, आणि पेशी जी-१ मध्येच, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यात, थांबते.

यातली एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. जी-१ च्या शेवटी एक टप्पा असतो. तो ओलांडलेल्या पेशीला निरोप मिळाला तरी ती चालू असलेलं विभाजन पूर्ण करते, आणि पुढच्या फेरीत थांबते. तुमच्या वेलमधल्या (प्लेटच्या खळग्यातल्या) पेशी एकाच ठेक्यात चालत नसतात. म्हणून पहिल्या दिवसाचं रीडिंग नेहमी पुसट येतं, आणि त्यावरून 'परिणाम नाही' असं लिहिणं घाईचं ठरतं.

मग कर्करोगाच्या पेशीत हे सगळं कुठे अडतं? सायकलच्या ब्रेकचं उदाहरण इथे बरोबर बसतं. दांडी तुटलेली असू शकते, तार तुटलेली असू शकते, किंवा दांडी-तार दोन्ही ठणठणीत असून चाकाजवळचं रबर झिजलेलं असू शकतं. तिन्ही वेळा सायकल थांबत नाही, पण दुरुस्ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागते. आतड्याच्या काही कर्करोगांत टाइप-२ रिसेप्टरचं जनुकच बिघडतं. त्या जनुकात सलग दहा 'ए' असलेला एक तुकडा आहे, आणि डीएनएची दुरुस्ती नीट न होणाऱ्या पेशींत तो हमखास चुकतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात स्मॅड-४ वारंवार गायब असतं. स्तनाच्या कर्करोगात मात्र असे सरळ बिघाड त्या मानाने कमी दिसतात. निरोप बहुतेकदा केंद्रकापर्यंत पोहोचतो, आणि शेवटच्या टप्प्यावर त्याची वाढ थांबवणारी बाजू तेवढी निकामी झालेली असते.

तुमची एमडीए-एमबी-२३१ (पुढे नुसतं २३१) हे त्याचं नमुनेदार उदाहरण. या पेशींना टीजीएफ-बीटा दिलं की स्मॅड-२ वर फॉस्फेट छान लागतो. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी इतकी ठसठशीत येते की नवीन विद्यार्थी खूश होऊन 'सर, चाललं' म्हणत येतात. पण सी-मिक खाली यायला हवं, ते येत नाही. शिवाय या पेशींत केआरएएस आणि बीआरएएफ ही वाढीची दोन्ही जनुकं बदललेली आहेत, त्यामुळे वाढीचा रेटा आतूनच चालू असतो, आणि पी-१६ या, पी-१५ सारख्याच अडवणाऱ्या प्रथिनाचं जनुक नाहीसं झालेलं आहे. थांबायचा निरोप आला तरी तो अमलात आणणारी अर्धी माणसं कामावरच नाहीत.

एमसीएफ-७ ची गोष्ट निराळी, आणि इथे 'परिस्थितीवर अवलंबून' हे शब्द मला मनापासून वापरावे लागतात. ही सेल लाइन १९७३ साली जाहीर झाली, एका रुग्णाच्या छातीतल्या पाण्यातून मिळालेली. तेव्हापासून ती जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे, आणि वाढता वाढता तिच्या शाखा फुटल्या आहेत. काही साठ्यांत टाइप-२ रिसेप्टर बऱ्यापैकी आहे आणि टीजीएफ-बीटाने त्या मंदावतात. काही साठ्यांत तो इतका कमी आहे की पेशी ढिम्म हलत नाहीत. अशा पेशींत रिसेप्टर बाहेरून परत घातला की प्रतिसादही परत येतो, म्हणजे त्यांच्यात बिघाड दांडीत आहे. त्यामुळे तुम्हाला परस्परविरोधी दोन पेपर सापडले असतील तर दोन्ही खरे असू शकतात. एमसीएफ-७ मध्येही पी-१६ नाही, पण आरबी आणि पी-५३ (वाढीवर लगाम ठेवणारं आणखी एक प्रथिन) मात्र जागेवर आहेत. तुमचा 'जेमतेम' परिणाम या चित्रात नीट बसतो.

तुलनेसाठी आणखी एक लाइन घेता येत असेल तर एमडीए-एमबी-४६८ घ्या. तिच्यात स्मॅड-४ ही नाही आणि आरबी ही नाही. तिथे वाढ थांबली असं दिसलं, तर मी पेशींवर खूश होण्याआधी त्या प्लेटवर संशय घेईन.

आता तुमच्या '२३१ वर काहीच नाही' या वाक्याकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. वाढीवर काही नाही हे ठीक. पण त्याच पेशी ट्रान्सवेलमध्ये (पेशी सच्छिद्र पडद्यातून पलीकडे जातात का हे बघायच्या कप्प्यात) टाकून बघा: टीजीएफ-बीटा दिल्यावर त्या जास्त सरकतात, जास्त घुसतात. ही पेशी निरोप ऐकते, त्यातलं थांबायचं तेवढं सोडते आणि हलायचं तेवढं घेते. हाडांत हे फार महागात पडतं. हाडाच्या घट्ट भागात (मॅट्रिक्समध्ये) टीजीएफ-बीटाचा मोठा साठा असतो. ऑस्टिओक्लास्ट या पेशी हाड कुरतडतात तेव्हा तो बाहेर पडतो. त्याच्या प्रभावाखाली कर्करोगाच्या पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन जास्त सोडतात, त्याने ऑस्टिओक्लास्टना आणखी जोर येतो, आणखी हाड झिजतं, आणखी टीजीएफ-बीटा सुटतं. हे चक्र २३१ पेशी टोचलेल्या उंदरांतच नीट उलगडलं गेलं.

उंदरांवरचे दुसरे काही प्रयोग मला याहून बोलके वाटतात. ज्या उंदरांना न्यू या कर्करोगकारक जनुकामुळे स्तनग्रंथीत ट्यूमर होतात, त्यांच्यात टीजीएफ-बीटाचा टाइप-१ रिसेप्टर कायम चालू ठेवला, तर ट्यूमर उशिरा आले, पण फुप्फुसात जास्त पसरले. उलट या मार्गात अडथळा घातला तेव्हा ट्यूमर लवकर आले आणि पसरले कमी. मार्ग तोच, प्राणी तोच. गाठ धरण्यावर एक परिणाम आणि पसरण्यावर दुसरा. 'ट्यूमर दाबणारं प्रथिन' ही पाटी सुरुवातीच्या टप्प्यापुरती खरी आहे असं मी म्हणतो ते यावरूनच.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या निकालातला काही भाग एमटीटीचाच असण्याची दाट शक्यता आहे. एमटीटी पेशी मोजत नाही. पिवळ्या मिठाचे जांभळे स्फटिक करण्याची पेशींची एकूण क्षमता मोजतं. जी-१ मध्ये अडकलेली पेशी मेलेली नसते. ती खात-पीत असते, बऱ्याचदा फुगते, पसरते, आणि एकटी असून जास्त रंग देऊ शकते. एमसीएफ-१०ए मध्ये हे डोळ्यांनी दिसतं. आधी फरशा बसवल्यासारख्या घट्ट, टोकदार कडांच्या वसाहती असतात. टीजीएफ-बीटानंतर दोन-तीन दिवसांत कडा मोकळ्या होतात, पेशी चपट्या आणि लांबट होतात, एकेकीने दुप्पट जागा व्यापलेली असते. फक्त 'वेल किती भरली' बघितलं तर वाढ झाली असंच वाटेल. म्हणून ट्रिप्सिनने पेशी सुट्या करून मोजा, नाहीतर ईडीयू घालून डीएनए बनवणाऱ्या पेशींचं प्रमाण काढा. फ्लो सायटोमेट्रीची (पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर प्रोपिडियम आयोडाइडने जी-१ चा वाटा बघा. आणि ४८ तासांवर थांबू नका. या पेशींना दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. ९६ तासांपर्यंत गेलात तर छोटा फरकही उघडा पडतो.

मीडियम हा दुसरा चोर. एमसीएफ-१०ए तुम्ही घोड्याचं सीरम, ईजीएफ, इन्सुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि कॉलरा टॉक्सिन घातलेल्या मीडियममध्ये वाढवत असणार, आणि बाकी दोन्ही साध्या गोवंशीय सीरममध्ये. म्हणजे तुमच्या तुलनेत पेशीही बदलल्या आणि जेवणही. सीरममध्ये स्वतःचं सुप्त टीजीएफ-बीटा असतं, त्यामुळे 'काही न घातलेला' कंट्रोल पूर्ण कोरा नसतो. एमसीएफ-७ इस्ट्रोजेनवर चालते, आणि मीडियमला लाल रंग देणारं फिनॉल रेड स्वतः किंचित इस्ट्रोजेनसारखं वागतं. वाढीचा हा रेटा चालू असताना थांबवणाऱ्या निरोपाचा परिणाम दबतो. फिनॉल रेड नसलेलं मीडियम आणि कोळशाने साफ केलेलं सीरम वापरून एकदा बघा. माझ्या अनुभवात एमसीएफ-७ बाबतचे निम्मे वाद इथेच मिटतात.

कुपीबद्दल एवढंच. हे प्रथिन प्लास्टिकला चिकटतं, आणि पातळ करून ठेवलं तर बघता बघता नळीच्या भिंतीवर जातं. ते सहसा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन घालून विरघळवतात. तुमच्या कुपीबरोबरचा कागद वेगळं सांगत असेल तर तो पाळा. छोटे भाग करून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. कंट्रोलच्या वेलमध्ये तेच आम्ल-अल्ब्युमिन त्याच प्रमाणात जायला हवं. आणि पेशींची ओळख एसटीआर चाचणीने (डीएनएच्या ठशावरून) पटवा, मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारा जिवाणू) तपासा. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि अखेर ती मेलानोमाची निघाली, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. तरी तपासणी पुढे ढकलली जातेच.

तुम्ही शेवटी 'इतर प्रथिनांचंही असंच असतं का' असं विचारलंय. तपशील वेगळे, पण विचार करायची पद्धत तीच. पी-२७ घ्या. केंद्रकात असेल तर ते वाढ रोखतं. एकेटी किनेज जोरात असलेल्या पेशींत त्याला फॉस्फेट लागतो आणि ते केंद्रकाबाहेर अडकून पडतं. ब्लॉटवर पट्टी भरपूर, काम शून्य. २००२ मध्ये तीन गटांनी स्तनाच्या कर्करोगात हे दाखवलं. म्हणून पी-२७ साठी मी ब्लॉटपेक्षा, प्रथिन पेशीत कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्लाइडवर जास्त विश्वास ठेवतो. टीएनएफ-अल्फा या प्रथिनाने एमसीएफ-७ मरतात, पण तिच्या कास्पेज-३ (मरणाऱ्या पेशीत डीएनए तुटायला लागणारं प्रथिन) च्या जनुकातला ४७ बेसचा तुकडा गळलेला असल्यामुळे ते प्रथिनच बनत नाही, आणि डीएनएची ठरावीक शिडी जेलवर दिसत नाही. शिडी दिसली नाही म्हणून 'पेशी मेल्याच नाहीत' असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी तपासलेले आहेत. आणि गाईच्या स्तनग्रंथीतून वेगळं केलेलं, वाढ रोखणारं म्हणून गाजलेलं एमडीजीआय पुढे फॅटी आम्लं वाहून नेणाऱ्या दोन प्रथिनांचं मिश्रण निघालं. या विषयात पाट्या बदलतात, त्यामुळे जुने पेपर वाचताना पाटीपेक्षा प्रयोग वाचावा.

औषधाचा मुद्दा. टीजीएफ-बीटा रुग्णाला औषध म्हणून देण्याचा विचार मी करणार नाही, आणि कारण वर आलंच: ज्या पेशीतला ब्रेकचा भाग झिजलाय तिला ते पसरायला मदत करेल, शिवाय ते प्रतिकारशक्ती दाबतं. पण या संशोधनातून औषधाला वाट मिळाली, ती वेगळ्या बाजूने. निरोप मधेच हरवत असेल, तर शेवटचं काम आपणच बाहेरून करायचं. पी-१५ आणि पी-१६ सीडीके-४ व ६ ला अडवतात. पाल्बोसिक्लिब हा छोटा रेणूही तेच करतो. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, २०१७ मध्ये रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब आले. संप्रेरक रिसेप्टर असलेल्या, हर-२ (वाढीचा एक रिसेप्टर) नसलेल्या प्रगत स्तनाच्या कर्करोगात ही औषधं हार्मोन थेरपीच्या जोडीने देतात. मर्यादा मात्र त्याच साखळीची आहे. सीडीके अडवून उपयोग होतो तो पुढे आरबी असेल तरच. आरबी गेलेल्या पेशीवर हे औषध चालत नाही, आणि उपचार चालू असताना आरबी गमावलेल्या पेशी माजल्याचंही दिसलेलं आहे. (हे वाचणारं कोणी स्वतः रुग्ण असेल तर एक विनंती: प्लेटमधल्या पेशींवरून आपल्या उपचाराचा अंदाज बांधू नका. तो तुमच्या तपासण्या हातात घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे.)

तुमच्या जागी मी असतो तर नवीन कुपी मागवण्याआधी एक ब्लॉट केला असता. तिन्ही लाइन्स एक रात्र कमी सीरममध्ये ठेवायच्या, ४५ मिनिटं टीजीएफ-बीटा द्यायचं, आणि फॉस्फो-स्मॅड-२ (फॉस्फेट लागलेलं स्मॅड-२) बघायचं. एका वेलमध्ये टाइप-१ रिसेप्टर अडवणारं एसबी-४३१५४२ आधी घालायचं. तिथे पट्टी गेली पाहिजे. पट्टीच आली नाही तर बिघाड रिसेप्टरजवळ, आणि तुमच्या एमसीएफ-७ मध्ये मला तीच शंका आहे. पट्टी आली तर दोन ते चार तासांवर सी-मिक बघा. ते उतरलं नाही तर बिघाड केंद्रकात, २३१ बद्दल माझा अंदाज हा. सी-मिक उतरलं, पी-१५ किंवा पी-२१ चढलं आणि तरी पेशी ईडीयू घेतच राहिल्या, तर आरबी तपासा. या सगळ्यात एमटीटीची गरज पडत नाही. २३१ साठी ट्रान्सवेल मात्र नक्की करा, आणि तो २४ तासांच्या आत संपवा, म्हणजे पेशी सरकल्या की वाढल्या हा घोळ होणार नाही.

तुम्ही एमसीएफ-७ चा पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या ताटलीत हलवल्या तो आकडा) आणि तो साठा कुठून आला हे लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. जुना, बरेच हात फिरून आलेला साठा असेल, तर ब्लॉटच्या आधी टाइप-२ रिसेप्टरचं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) करून घ्या, ते एका दिवसात होईल.